घरापुढे उभे राहा, फोटो अपलोड होतोय

चंद्रपूर जिल्ह्यात एखाद्या इमारतीला आपला फोटो निघावासा वाटत असेल, तर तिच्यासमोरून वाघ जायला हवा. शहराशेजारच्या महाऔष्णिक वीज केंद्राचं नशीब या बाबतीत चांगलं. त्याच्या परिसरातल्या झुडपांत वाघ हिंडत असतात, त्यामुळे तिथल्या चिमण्या आणि कंपाउंडच्या भिंती अधूनमधून पेपरात झळकतात. बाकीच्या वास्तूंनी वाट पाहायची.

ताडोबा हे राज्यातलं सर्वांत जुनं राष्ट्रीय उद्यान, १९५५ सालचं. दर हिवाळ्यात नागपूरकडून जंगलाच्या दिशेने सुटणाऱ्या गाड्यांत जेवढ्या किमतीची भिंगं जातात, तेवढा ऐवज जिल्ह्यातल्या सगळ्या चष्म्यांच्या दुकानांत मिळून नसेल. यातली एखादी गाडी जिल्ह्यातल्याच नागभीडला थांबते, ती चहापुरती. पानठेल्यासमोर गाडी लागते, आतल्या माणसाच्या मांडीवर सहाशे मिलिमीटरची लेन्स बारशाच्या बाळासारखी दुपट्यात गुंडाळलेली. समोर कवेलूचं घर, छपरावर भोपळ्याचा वेल, सपरीत तांदूळ निवडत बसलेली म्हातारी. पण त्या लेन्समधून रस्त्यापलीकडच्या घराचा फोटो काढायचा म्हटला तर फार तर दारावरचा एक खिळा येईल, तोही अर्धा. गाडी निघून जाते. म्हातारीचे तांदूळ निवडून होतात.

मुंबईत इमारतींना वाघ लागत नाही. काळा घोडा भागात तर माणूस ज्या इमारतींच्या सावलीतून चालत जातो, त्यांचेच फोटो बघायला तिकीट काढून किंवा फुकट आत शिरतो. ज्या पुतळ्यातल्या घोड्यामुळे त्या भागाला नाव पडलं तो, वरच्या राजपुत्रासकट, १९६५ मध्येच तिथून हलून भायखळ्याच्या राणीच्या बागेत गेला. बिनस्वाराचा नवा घोडा आला २०१७ मध्ये. मधली पन्नासेक वर्षं लोक नसलेल्या घोड्याची खूण धरून गॅलऱ्या शोधत होते, आणि त्या सापडतही होत्या. तिथली जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ ची. १९६४ मध्ये तिच्या अंगाला ‘समोवार’ नावाचं उपाहारगृह आलं, ते २०१५ मध्ये बंद झालं. या अर्धशतकात किती जण चित्रं बघून पराठा खायला गेले आणि किती जण पराठ्याकडे जाता जाता भिंतींवरून नजर फिरवून गेले, याचा हिशेब कलासमीक्षकांनी मुद्दामच ठेवला नसावा.

वास्तूंच्या छायाचित्रांचं प्रदर्शन बघण्याची एक रीत आहे. आधी फोटोच्या अगदी जवळ जायचं, नाक काचेला लागेल इतकं. मग चार पावलं मागे सरायचं, मागच्याच्या पायावर पाय देऊन. मान किंचित तिरपी करायची आणि ‘टेक्स्चर’ म्हणायचं. पुढे काही म्हटलं नाही तरी चालतं. पोपडे उडालेल्या भिंतीचा फोटो नुकताच रंग दिलेल्या पांढऱ्याशुभ्र भिंतीवर टांगलेला असतो. वाळवीने खाल्लेल्या चौकटीच्या चित्राला सागाची चौकट असते. शेजारी लावलेल्या मजकुरात ही वास्तू काळाशी संवाद साधते, असं लिहिलेलं असतं. वास्तू साधत असेलही. तिच्यात राहणारे चार चुलतभाऊ वाटणीच्या दाव्यापासून एकमेकांशी बोलत नाहीत, ते मजकुरात येत नाही.

आणि बहुतेक फोटोंत माणूस नसतो. मुंबईच्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको इमारतींच्या समूहाला २०१८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत जागा मिळाली. तेव्हापासून मरीन ड्राइव्ह आणि ओव्हलच्या गोलाकार बाल्कन्यांना फोटोंची ददात नाही. पण बाल्कनीत वाळत घातलेली पँट दिसली की छायाचित्रकार कॅमेरा खाली घेतो. पँट आत जाईपर्यंत तो फुटपाथवर उभा राहतो, आणि वरची बाई हा माणूस इतका वेळ आपल्या घराकडे का बघतोय म्हणून पँट आत न्यायची सोडून खिडकीआडून त्याच्यावर नजर ठेवते. जागतिक वारसा त्या दिवशी तसाच राहतो.

सगळेच असे नाहीत, हेही सांगायला हवं. सूनी तारापोरवाला यांनी १९७६ पासून चाळीस वर्षांत काढलेले मुंबईचे फोटो २०१७ मध्ये केमोल्ड प्रेस्कॉट रोड या गॅलरीत लागले होते. त्यांत शहर आहे ते माणसांच्या पाठीमागे, खांद्यावरून डोकावणारं. पण असे छायाचित्रकार थोडे. बाकीच्यांना गल्ली हवी असते आणि गल्लीतले लोक तेवढे नको असतात.

याचं पाप थेट मूळपुरुषाकडे जातं. लुई दागेरने १८३८ मध्ये पॅरिसमधल्या आपल्या खिडकीतून खालच्या रस्त्याचं छायाचित्र घेतलं. रस्ता वाहता होता, गाड्या-घोडे, माणसं, सगळं होतं. पण त्या काळी एका चित्राला काही मिनिटं लागत, त्यामुळे जे जे हललं ते ते पुसलं गेलं. त्या भर दिवसाच्या गजबजलेल्या रस्त्यावर उरला तो बुटाला पॉलिश करून घेणारा एक गृहस्थ, कारण त्याचा पाय एका जागी होता. छायाचित्रात आलेला पहिला माणूस म्हणून आज त्याचं नाव घेतात, म्हणजे घेतलं असतं, पण ते कुणाला माहीत नाही.

हाच प्रयोग चंद्रपूरच्या जटपुरा गेटवर करून बघण्यासारखा आहे. गोंड राजांच्या परकोटाचे जटपुरा, अंचलेश्वर, बिनबा आणि पठाणपुरा हे चार मोठे दरवाजे. तटावर माजलेलं झाडोऱ्याचं रान २०१७ पासून ‘इको-प्रो’च्या तरुणांनी रोज पहाटे उठून कुऱ्हाडी-फावड्यांनी साफ केलं, त्यामुळे आता तट निदान दिसतो. जटपुऱ्याचा दरवाजा दिसायला मात्र कुऱ्हाडीचा उपयोग नाही. त्याच्या पोटातून शहराची वाहतूक अखंड जात असते आणि दरवाजा मोकळा सापडेल असा क्षण गोंड राजांच्या पश्चात आला असेलसं वाटत नाही. दागेरच्या पद्धतीने पाच मिनिटांचं छायाचित्र घेतलं तर ऑटो, दुचाक्या, ट्रॅव्हल्स सगळं विरून जाईल आणि भव्य कमानीखाली राहील ती रस्त्याच्या मधोमध रवंथ करणारी एक गाय. चित्र अप्रतिम येईल. समीक्षक तिला कालप्रवाहाचं प्रतीक ठरवतील.

नागभीडच्या बस स्टँडवर असा फोटो घेतला तर उलट होईल. सगळेच येतील. एसटीची वाट बघणारा माणूस पाच मिनिटांत हलत नाही. मध्ये एकदा खर्रा तोंडात टाकण्यापुरता हात वर जातो, तेवढा हात पुसट दिसेल.

एड रुशे नावाच्या अमेरिकन कलावंताने १९६६ मध्ये लॉस एंजलिसच्या सनसेट स्ट्रिप या रस्त्यावरची एकूणएक इमारत टिपली. गाडीवर कॅमेरा बसवून रस्त्याच्या दोन्ही बाजू काढल्या आणि घडीच्या पुस्तकात छापल्या. पुस्तक उलगडलं की पंचवीसेक फूट लांब होतं. दुकान, पार्किंग, मोकळा प्लॉट, काही गाळलं नाही, काही सजवलं नाही. आज ते पुस्तक संग्रहालयांत काचेआड ठेवतात. नागभीडच्या मुख्य रस्त्याचं असं पुस्तक करायला कुणाची हरकत नाही, पण त्यात इमारती येतील का, हा प्रश्न आहे. इमारतीपुढे दुकानाची पाटी आहे, पाटीपुढे वाढदिवसाचा फ्लेक्स आहे, फ्लेक्सपुढे दुसऱ्या वाढदिवसाचा फ्लेक्स आहे. एकूण पंचवीस फुटांतले वीस फूट शुभेच्छुकांचे जातील. खरं तर गावात बारमाही चालणारं छायाचित्र प्रदर्शन हेच. मोकळ्या हवेत, चोवीस तास, प्रवेश विनामूल्य. फक्त प्रत्येक फोटोत तोच माणूस पांढऱ्या शर्टात हात जोडून उभा असतो, आणि त्याच्यामागे वास्तू म्हणून विधानभवन येतं.

गंमत बाजूला ठेवली तरी घराकडे कॅमेरा वळतो तो क्षण फारसा शुभ नसतो, याला इतिहासात पुरावा आहे. पॅरिस नगरपालिकेने १८६२ च्या सुमारास शार्ल मारव्हील याला अधिकृत छायाचित्रकार नेमलं आणि जुन्या गल्ल्यांचे फोटो काढायला सांगितले. त्याने चारशेहून अधिक काढले. गल्ल्यांवर प्रेम होतं म्हणून नव्हे, शहर नव्याने आखणाऱ्या ओस्मान साहेबांच्या रुंद रस्त्यांसाठी त्या पाडायच्या होत्या म्हणून. पुढे मारव्हील, मागे पहारी. लंडनमध्ये १८७५ साली जुन्या इमारतींचे फोटो काढणारी मंडळीच स्थापन झाली, ती ‘ऑक्सफर्ड आर्म्स’ नावाची जुनी सराई पाडणार असं कळल्यावर. सराईचे फोटो उत्तम आले. सराई गेली. मंडळीने १८८६ पर्यंत एकूण १२० फोटो काढले, आणि त्यांतल्या पुष्कळ इमारतींनी सराईचाच कित्ता गिरवला.

नागभीडला हा अनुभव रेल्वेने दिला. नागपूर–नागभीड ही अडीच फुटी छोटी लाइन विसाव्या शतकाच्या सुरुवातीची, बंगाल–नागपूर रेल्वेच्या अमदानीतली. कुही, उमरेड, भिवापूर करत शंभर-एकशेदहा किलोमीटरला ती चार तासांच्या वर घ्यायची. तिची लहानखुरी स्टेशनं, तिकिटाच्या खिडक्या, फलाटावरची झाडं शंभर वर्षं होती तशी होती, आणि त्या शंभर वर्षांत प्रवाशांनी त्यांचे फोटो काढले नाहीत. का काढतील? गाडी उशिरा आली म्हणून कुणी स्टेशनाचा फोटो काढतं का? मग २०१९ च्या नोव्हेंबरात ब्रॉडगेजसाठी ती लाइन बंद करायची ठरली आणि जे जन्मात तिच्यात बसले नव्हते त्यांनाही तिची आठवण येऊ लागली. दारात, खिडकीत, इंजिनाला टेकून, मागे फलाटाची पाटी येईल असे फोटो निघू लागले. एवढी माणसं रोज तिकीट काढून बसली असती तर रेल्वेने कदाचित आणखी दोन डबे जोडले असते. छोट्या लाइनीच्या जुन्या वस्तू बघायच्या तर नागपूरला मोतीबागेत २००२ पासून नॅरोगेजचं संग्रहालय आहे. तिथे इंजिन स्वच्छ पुसलेलं असतं आणि वेळेवर जातं-येतं की नाही याची चिंता नसते.

इकडच्या माणसाला म्हणूनच घराचा फोटो काढणारा दिसला की पहिला प्रश्न कलेचा पडत नाही. ‘काहून जी, फोटो काहून काढून रायले? रस्ता रुंद होते का?’ नाही म्हटलं तर दुसरा प्रश्न, ‘मंग घरकुलाचा हाये का?’ दोन्हींना नकार आला की तिसरा प्रश्न उरत नाही. माणसाच्या डोक्यात काहीतरी बिघाड आहे एवढं समजून त्याला चहा विचारला जातो.

यातला घरकुलाचा प्रश्न महत्त्वाचा, कारण गावाकडच्या घरांचं जगातलं सर्वांत मोठं छायाचित्र प्रदर्शन, जे कुठेच भरलेलं नाही, ते त्यातूनच तयार झालं आहे. प्रधानमंत्री आवास योजना, ग्रामीण, ही २०१६ ची. घर किमान २५ चौरस मीटरचं, म्हणजे २६९ चौरस फुटांचं. मदत मैदानी भागात १ लाख २० हजार, डोंगराळ आणि नक्षलग्रस्त जिल्ह्यांत १ लाख ३० हजार. ही रक्कम एकदम मिळत नाही, हप्त्याने मिळते, आणि पुढच्या हप्त्यासाठी फोटो लागतो. जोतं झालं, फोटो. भिंती लिंटेलपर्यंत आल्या, फोटो. स्लॅब पडला, रंग लागला, फोटो. अक्षांश-रेखांशासकट, ॲपवर. फोटो काढणारा कुणी कलावंत नसतो, ग्रामीण गृहनिर्माण अभियंता असतो. त्याच्याकडे एक मोबाइल, एक मोटारसायकल आणि एका दिवसात सात गावं असतात.

त्या फोटोचे नियम गॅलरीच्या बरोबर उलट. घर पूर्ण दिसलं पाहिजे, आणि माणूस असलाच पाहिजे. लाभार्थी घरापुढे उभा. बहुतेकदा उभी, कारण घर बाईच्या नावावर किंवा दोघांच्या. तिला निरोप पोहोचतो तेव्हा ती धानाच्या बांधीत चिखलात असते. तिथून ती धावत येते, तोंडावर पाणी मारते, ठेवणीतलं लुगडं काढते. घर अजून छज्ज्यापर्यंतच आलेलं, त्याला दार नाही, पण मालकिणीच्या अंगावर लग्नातलं पातळ. अभियंता म्हणतो, ‘थोडं डावीकडे सरका, खिडकी झाकली गेली.’ ती सरकते, तिच्या जागी बकरी येते. बकरीला हाकलेपर्यंत रेंज जाते. रेंज येते तेव्हा ॲप म्हणतं जागा जुळत नाही, कारण सगळे सावलीत सरकले होते. पुन्हा उन्हात. ‘हसू नका,’ असं कुणी सांगत नाही, तरी कुणी हसत नाही. हप्त्याच्या फोटोत हसलं तर साहेबाला वाटेल यांना पैशाची गरज नाही.

जर्मनीत बर्न्ड आणि हिला बेखर या नवरा-बायकोने १९५९ पासून पुढे आयुष्यभर पाण्याच्या टाक्या, भट्ट्या, खाणींचे मनोरे टिपले. सगळे समोरून, सगळे करड्या ढगाळ उजेडात, कृष्णधवल, माणूस नाही, सावली नाही. मग एकसारख्या नऊ-बारा टाक्यांचे फोटो ओळीत मांडायचे. बघणाऱ्याला आधी वाटतं सगळं सारखंच आहे, मग हळूहळू प्रत्येक टाकीचा स्वभाव दिसायला लागतो. १९९० मध्ये व्हेनिसच्या द्वैवार्षिकात त्यांना गोल्डन लायन मिळाला, तोही शिल्पकलेसाठी. काढले फोटो, बक्षीस शिल्पाचं. सरकारी खात्यातसुद्धा इतका हेड-बदल सहजासहजी मंजूर होत नाही.

आता हिशेब बघा. आवास योजनेचं मूळ उद्दिष्टच देशभरात २ कोटी ९५ लाख घरांचं होतं. घरटी चार-पाच फोटो धरले तरी बारा ते पंधरा कोटी होतात. सगळे समोरून, सगळे एकाच मापाच्या घरांचे. बेखर दांपत्याने पाहिले असते तर त्यांनी कॅमेरा विकून टाकला असता. त्याआधी २०१४ पासून शौचालयांचे फोटो होते, बारा हजारांच्या अनुदानाचे, दारात कुटुंबप्रमुख उभा. त्या मालिकेकडे अजून एकाही क्युरेटरचं लक्ष गेलेलं नाही, याला दुर्लक्ष म्हणावं की सभ्यता, ठरवणं अवघड आहे.

पण या ढिगातला खरा ऐवज नव्या घराचे फोटो नाहीतच. नवं घर मंजूर होण्याआधी लाभार्थी सध्या ज्यात राहतो त्या घराचाही फोटो जातो, ते कच्चं आहे हे सिद्ध करायला. म्हणजे कुडाच्या भिंती, बांबूच्या तट्ट्यावर माती लिंपलेल्या. दाराभोवती पांढऱ्या मातीचा पट्टा. एका उतारावर कवेलू, दुसऱ्यावर टिना, कारण मागच्या पावसाळ्यात माकडांनी अर्धे कवेलू फोडले. सपरीला टेकलेली सायकल, मागे सांदवाडीतला चिंचेचा शेंडा. वास्तुशास्त्राचा विद्यार्थी यातल्या एकेका घरासाठी आठवडाभर मुक्काम करून रेखाटनं काढील. इथे अभियंत्याने ते दीड मिनिटात टिपून ‘कच्चे घर’ या रकान्यात टाकलं आणि पुढच्या गावाला गेला. मारव्हीललाही नगरपालिकेकडून पैसे मिळत होते, पण त्याला निदान तिपाई होती.

शहर कसं दिसतं हे मात्र इकडच्या झाडीपट्टीला फोटोंनी नाही, नाटकाच्या पडद्यांनी शिकवलं. दिवाळी सरली की वडसा येथून नाटक कंपन्या निघतात आणि गावोगाव रात्रभर प्रयोग चालतात. या रंगभूमीचे कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. नाटकातला बंगला रंगवलेला असतो. त्याला जिना असतोच, आणि तो कुठे जातो हे पडदा रंगवणाऱ्यालाही ठाऊक नसतं. खलनायक मात्र त्याच जिन्यासमोर उभा राहून ‘वर ये, दाखवतो’ म्हणतो. गावातल्या ज्यांनी पुढे पक्की घरं बांधली त्यांतल्या काहींच्या दर्शनी भागावरचे खांब आणि गच्चीवरचं कमळ बघितलं की वास्तुविशारद कोण होता ते लगेच ओळखू येतं.

एवढं साहित्य हाताशी असताना नागभीडला घरांच्या फोटोंचं प्रदर्शन भरवायला खरं तर अडचण नसावी. जागेची आहे. मंगल कार्यालय लग्नसराईत मोकळं नाही आणि पावसाळ्यात धानाची रोवणी सोडून कुणी येणार नाही. शाळेचा हॉल मिळाला तर मतदान केंद्राच्या खुणा भिंतीवर आहेत, त्यांवरच फोटो लावावे लागतील. तरी समजा भरलंच. नाक लावून बघणारे येतील, पण टेक्स्चरसाठी नाही, आपलं घर शोधायला. पहिल्या तासात तीन गोष्टी उघड होतील. एका घरापुढे दोन वेगवेगळे लाभार्थी उभे आहेत. एका पूर्ण झालेल्या घराची खिडकी शेजारच्या पूर्ण झालेल्या घराच्या खिडकीशी तंतोतंत जुळते, पडद्यासकट. आणि एकाचं घर फोटोत रंगवून झालंय, गावात मात्र अजून जोत्यावर आहे. दुसऱ्या तासाला सरपंच, तिसऱ्याला तक्रारअर्ज. उद्घाटनाला आलेले साहेब चहा अर्धा टाकून निघतील.

मुंबईच्या रिवाजाप्रमाणे आयोजकांनी विकल्या गेलेल्या फोटोंखाली लाल टिकल्या लावल्या, तर त्या टिकल्या बघून कुणीतरी मागे वळून विचारीलच, ‘इतक्या जणांचा हप्ता अडकला का जी?’